झाकणावर नको, बरणीवर

पुणं, १२ जानेवारी १९२४, शनिवारची रात्र. तू ससून हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरात भिंतीला पाठ लावून उभी आहेस. अंगावर आपल्या ओटीतला हिरवा ड्रेस, डोक्यावर टोपी, पायांत रबरी सपाता. इथं तू कुणालाच दिसत नाहीस, तेव्हा अवघडू नकोस. बडोद्यात समाच्या हॉस्पिटलात तुझी ओटी नर्सची ड्युटी दुपारी दोनला सुरू होते, त्याआधी तुला परत पोचवायची जबाबदारी माझी. एवढंच कर, आज सर्जनच्या हातांकडे बघू नकोस. ट्रेकडे बघ. हातातून सुटून ट्रेमध्ये जे पडतं त्याचं पुढं काय होतं, तेवढंच पाहायला आपण निघालोय.

टेबलावर येरवडा तुरुंगाचा कैदी आहे, मोहनदास करमचंद गांधी. मार्च १९२२मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यातली दोनही अजून भरलेली नाहीत. कर्नल मॅडॉक यांनी तपासलं, अपेंडिसायटिस ठरवलं आणि कैद्याला आजच तुरुंगातून इथं हलवलं. उद्यावर ढकलण्यात धोका आहे. आणि इंग्रज सर्जनच्या सुरीखाली या माणसाचं काही बरंवाईट झालं तर देशात काय होईल, या विचारानं सरकारच्याच पोटात गोळा आलेला.

म्हणून आधी कागद झाला. तुमचे स्वतःचे डॉक्टर बोलवायचेत का, असं विचारल्यावर दोन नावं आली होती, डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता. दुसरं नाव ऐकून तुझे कान टवकारले असणार, कारण जीवराजभाई या दिवसांत आपल्या बडोद्यात आहेत. दोघांपैकी कुणीच वेळेत पोचण्यासारखं नव्हतं. मग भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री आणि पुण्याचे डॉ. फाटक यांना बोलावणं गेलं. शास्त्रींनी मजकूर तयार केला. मॅडॉक यांच्यावर माझा विश्वास आहे, माझे डॉक्टर बोलवायला सरकारची हरकत नव्हती, थांबण्यात धोका आहे, ऑपरेशनला माझी संमती आहे, असा त्याचा आशय. गांधीजींनी तो ऐकून घेतला आणि पेन्सिलीनं सही केली. हात कापत होता. तो कसा कापतोय हे त्यांनीच मॅडॉकना दाखवलं.

आता पोट उघडलंय, आणि वीज जाते. तुमच्याकडे जनरेटर किती सेकंदांत सुरू होतो ते तुला पाठ आहे. इथं एका नर्सच्या हातात विजेरी येते, तीही दगा देते, शेवटी कंदील आणतात. त्या पिवळ्या उजेडात मॅडॉक काम पुरं करतात. ट्रेमध्ये बोटभर आतडं पडतं. तुझा हात सवयीनं बरणीकडे जातो. तोंडात प्रश्न येतो, ‘सर, एचपीईला पाठवायचं?’, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला. गिळ तो. इथं कुणी ऐकणार नाही.

या रात्रीच्या ज्या हकिकती पुढं शंभर वर्षं सांगितल्या जातात त्यांत कागद आहे, गेलेली वीज आहे, कंदील आहे. ते थिएटरही स्मारक म्हणून जपून ठेवलंय. अपेंडिक्सला या हकिकतीत जागा नाही, आणि त्यात मॅडॉक यांचा काही दोष नाही. माणूस वाचवणं हेच त्या रात्रीचं काम होतं, ते त्यांनी कंदिलाच्या उजेडात चोख केलं. ५ फेब्रुवारीला कैद्याची सुटकाही झाली. मला तुझ्या ध्यानात आणून द्यायचंय ते वेगळंच. संमतीचा कागद झाला कारण त्याबद्दल जाब विचारणारा अख्खा देश बाहेर उभा होता. ट्रेमधल्या तुकड्याबद्दल कोण जाब विचारणार? ज्याचा तो तुकडा, तो भुलीखाली असतो.

चल, आणखी मागं. बर्लिन, मे १८८७. आपले सयाजीराव पहिल्यांदा युरोपला गेले ते याच वर्षी, आणि जीवराजभाईंचा जन्मही याच वर्षी बडोदा राज्यातल्या अमरेलीत व्हायचाय. इथं मात्र सगळ्यांचं लक्ष एका घशाकडे लागलंय. जर्मनीचा युवराज फ्रीडरिश, विल्हेल्म सम्राटाचा मुलगा आणि राणी व्हिक्टोरियाचा जावई, जानेवारीपासून घोगरा बोलतोय. स्वरतंतूवर गाठ आहे. जर्मन डॉक्टरांना कॅन्सर वाटतोय; सर्जन बर्गमान गळा उघडून ती काढायच्या तयारीत आहेत. तेवढ्यात लंडनहून घशाचे नामांकित डॉक्टर मोरेल मॅकेन्झी येतात आणि म्हणतात, आधी तुकडा काढून तपासा, मग सुरी लावा.

बोलणं आजही कुणाला खोडता येणार नाही. २१ मे रोजी मॅकेन्झी तोंडावाटे लांब चिमटा आत घालतात आणि बारीकसा तुकडा ओढून काढतात. तो जातो रुडॉल्फ फिर्शो यांच्याकडे. पेशींच्या विकृतीवर ज्यांनी आधुनिक रोगनिदान उभं केलं तेच हे फिर्शो. यांच्याहून मोठा डोळा जगात दुसरा नाही. त्यांच्या टेबलाजवळ जाऊन बघ. तुकडा इतका लहान की पहिल्या खेपेला ठाम काही सांगता येत नाही. आणखी तुकडे येतात. फिर्शो लिहितात, कॅन्सर दिसत नाही, जाड झालेलं आवरण दिसतंय. आणि पुढं एक जपून लिहिलेली ओळ घालतात: माझं मत समोर आलेल्या तुकड्यांपुरतं आहे, सगळ्या आजाराला ते लागू पडतं का, हे या तुकड्यांवरून खात्रीनं सांगता येणार नाही.

ती ओळ कुणी वाचत नाही. अहवाल म्हटलं की माणसं शेवटचा शब्द तेवढा शोधतात. तुमच्याकडेही नातेवाईक कागद उलटा करून आधी खालची ओळ वाचतात ना? ऑपरेशन रद्द होतं. जूनमध्ये युवराज लंडनला सासूबाईंच्या सुवर्णमहोत्सवी मिरवणुकीत घोड्यावरून मिरवतो. नोव्हेंबरात कॅन्सर उघड होतो. मार्च १८८८मध्ये तो सम्राट होतो, तेव्हा गळ्यात नळी आहे, आवाज गेलेला आहे, आणि अवघ्या ९९ दिवसांनी, १५ जूनला, तो जातो. मग डॉक्टरांची जुंपते. जर्मन म्हणतात, दुसऱ्या खेपेला मॅकेन्झींनी चिमटा लावला तो धड बाजूच्या स्वरतंतूला. खरंखोटं काय ते आता ठरायचं नाही. पण तुला हा वाद ओळखीचा वाटेल: कुठल्या बाजूचं, नेमकं कुठून, कुणी काढलं आणि ते त्याच क्षणी कुणी लिहिलं? फिर्शोंच्या सूक्ष्मदर्शकात खोट नव्हती. जे काही बिनसलं ते तुकडा तिथवर पोचायच्या आत.

पुढचे दोन थांबे धावते. १८९३, फ्रँकफर्ट. फर्डिनांड ब्लुम नावाचे डॉक्टर फॉर्माल्डिहाइड जंतू मारायला कितपत उपयोगी पडतं ते तपासतायत. काम करता करता त्यांच्या लक्षात येतं की द्रावण लागलेली आपलीच बोटं टणक झालीत. कातडी टणक होते तर काढलेलं मांसही होईल. तोवर शरीराचा तुकडा टिकवायला मुख्यतः दारूचा अर्क आणि क्रोमियमचे क्षार होते. त्या टणक बोटांपासून तुझ्या ओटीतल्या निळ्या झाकणाच्या बरणीपर्यंत सरळ रस्ता आहे. तुझे डोळे रोज चुरचुरतात, त्याचा मूळ पुरुष हा.

दुसरा थांबा अमेरिकेतल्या मिनेसोटात, रॉचेस्टर गावी, १९०५चा जानेवारी. सर्जन विल्यम मेयो यांनी आपल्या पॅथॉलॉजिस्टमागे लकडा लावलाय: रोगी टेबलावर असतानाच मला सांग, कॅन्सर आहे की नाही. लुई विल्सन तुकडा खिडकीबाहेर ठेवतात. बाहेरच्या थंडीत तो गोठतो, त्याचे पातळ काप निघतात, मिथिलिन ब्लूनं रंगतात, आणि काही मिनिटांत उत्तर मिळतं. फ्रोझन सेक्शन मार्गी लागलं ते असं. मे महिन्यात समाच्या खिडकीबाहेर तुकडा ठेवलास तर तो शिजेल, ही गोष्ट निराळी. पण यातून तुझ्या कामात एक वाकडं वळण आलं. त्या दिवसापासून तुकड्याला दोन वाटा झाल्या, एक फॉर्मलिनची आणि एक बिनफॉर्मलिनची, आणि चुकीच्या वाटेला लागलेला तुकडा परत वळवता येत नाही.

आता घराजवळ ये. बडोदा, १९४९. १ मे रोजी गायकवाडांचं राज्य मुंबई प्रांतात विलीन झालंय. समा अजून शहराबाहेरचं खेडं, चहूकडे शेतं. महाराजा सयाजीराव विद्यापीठ याच वर्षी सुरू होतं आणि बडोदा मेडिकल कॉलेजही याच वर्षी. सयाजी हॉस्पिटलात, ज्याला तू आणि रिक्षावाले दोघंही एसएसजी म्हणता, आता विद्यार्थी येऊ लागलेत. जीवराज मेहता आठवतात ना, त्या रात्री पुण्यात पोचू न शकलेले? मधल्या काळात ते मुंबईत केईएमचे पहिले डीन झाले, मागल्याच वर्षी बडोद्याचे दिवाण म्हणून परत आले, आणि १९६०मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री होतील. आणि जे डॉ. वसंत रामजी खानोलकर १९४१पासून परळच्या टाटा मेमोरियलमध्ये प्रयोगशाळा उभी करतायत, त्यांच्या पुढाकारानं देशातल्या पॅथॉलॉजिस्टांची संघटनाही याच १९४९मध्ये आकाराला येते. तंबाखू-चुन्यानं गालात होणारा कॅन्सर आपल्याकडे एवढा का, हे खानोलकरांनी शोधलं ते अशाच काढलेल्या तुकड्यांवरून. म्हणजे कुणीतरी ते तुकडे नीट ठेवले होते, नीट लिहिले होते. त्या लिहिणाऱ्यांपैकी कुणाचं नाव मला सांगता येणार नाही. अशा कामाची नावं राहत नाहीत.

कुठल्याही जुन्या मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी म्युझियममध्ये क्षणभर थांबलीस तर एक गंमत दिसेल. काचेच्या बरण्यांत पांढुरकी पडलेली मूत्रपिंडं, यकृतं, आतडी. बाहेर नुसता क्रमांक. इथं रोग्याचं नाव मुद्दाम काढून टाकलेलं असतं. आता तो तुकडा कुणाचा नाही, सगळ्या विद्यार्थ्यांचा आहे. तुझ्या बरणीतला मात्र अजून एकाच माणसाचा असतो, आणि त्याचं पुढचं आयुष्य त्यावर चिकटवलेल्या कागदावर लोंबत असतं.

परतीच्या वाटेवर एकच थांबा, वॉशिंग्टन, जून २००८. जागतिक आरोग्य संघटना ऑपरेशन थिएटरांसाठी एक पानभर यादी जाहीर करतेय. यादीमागचा माणूस डॉ. अतुल गवांदे. वडील आत्माराम यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड भागातल्या उटी गावचे, आई गुजरातची. बडोद्याच्या निम्म्या वाड्यांत असा जोडा सापडेल. यादी १९ मुद्द्यांची. दिल्लीपासून टोरांटोपर्यंत आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, आणि जानेवारी २००९मध्ये आकडे छापून आले: ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ वर. यादीचा तिसरा भाग रोगी ओटीबाहेर पडण्याआधीचा. त्यात एक मुद्दा असा: काढलेल्या तुकड्यावरचं लेबल, रोग्याच्या नावासकट, नर्सनं मोठ्यानं वाचायचं.

नर्सनं. मोठ्यानं. मला विचारशील तर या यादीतली सगळ्यात धाडसाची ओळ हीच आहे. आपल्या ओटीत नर्सनं मोठ्यानं काय बोलायचं असतं? ‘हो सर’ आणि ‘काउंट बरोबर आहे सर’. इथं मात्र सर्जन टाके घालत असताना तिनं गप्पा थांबवायच्या, मोबाइलवरचं गाणं बंद करायला लावायचं आणि सांगायचं की हा तुकडा अमक्या बाईच्या अमक्या बाजूचा आहे, बरोबर ना? ट्रेमधल्या तुकड्याबद्दल जाब विचारायला शेवटी कुणालातरी नेमलं, आणि ते तुलाच.

दोन वाजले. न्यू समा रोडचं ऊन, खाली रिक्षांची गर्दी. तुला पोचवलं. आजच्या लिस्टवर तीन केसेस.

पहिली पित्ताशयाची, दुर्बिणीची. सर्जन पित्ताशय सोडवतात आणि ग्लोव्ह कापून केलेल्या पिशवीत भरून बेंबीतल्या छिद्रातून ओढून काढतात. परदेशी पिशवी मिळते, पण तिच्या किमतीत ग्लोव्हजचं अख्खं खोकं येतं. पित्ताशय ट्रेमध्ये, हिरवं, फुगलेलं. आणि आता आपल्याकडचा विधी: वॉर्डबॉय भाई ट्रे घेऊन दाराशी जातो, नातेवाईकांना दाखवायला. यात वावगं काही नाही, पैसे भरणाऱ्याला खडे बघायचेच असतात. पण ट्रे दारापलीकडे गेला की तुझं लक्ष त्याच्यावरच हवं. मागं एकदा, दुसऱ्या एका हॉस्पिटलात, दाखवायला नेलेला ट्रे कठड्यावर राहिला आणि सफाईवाल्यानं पिवळ्या पिशवीत रिकामा केला. नातेवाईकांनी व्हिडिओ काढला होता, पॅथॉलॉजिस्टला तो चालला नाही.

बाईंचे यजमान म्हणतात, “बेन, आ तो पथरी ज छे ने, तपासवानुं शुं?” प्रश्न रास्त आहे, रिपोर्टचे पैसे वेगळे पडतात. तू सांगतेस, काका, खड्यांच्या आड कधीकधी भलतंच लपलेलं असतं, पित्ताशयाचा कॅन्सर बऱ्याचदा असाच, कुणाच्या ध्यानीमनी नसताना सापडतो. ते मान हलवतात. सर्जन आत पित्ताशय उघडून आतलं अस्तर बघतात, मखमली आहे, कुठं जाड भाग नाही. मग बरणी.

बरणीचं तुला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. आधीच्या सिस्टरनं शिकवलं, अर्धं ओरडून. तोंड रुंद हवं, कारण मांस आत जाताना मऊ असतं आणि बाहेर येताना लाकूड झालेलं असतं. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेला तुकडा काढायला लॅबमध्ये बाटली फोडावी लागते. फॉर्मलिन तुकड्याच्या दसपट तरी हवं, तुकडा त्यात पोहायला हवा, नुसता ओला होऊन भागत नाही. ते तासाला साधारण १ मिलिमीटर आत शिरतं, म्हणजे जाड तुकड्याचा गाभा रात्रभरही कच्चाच राहू शकतो. आणि लेबल बरणीच्या अंगावर. झाकणावर कधीच नाही. लॅबमध्ये चार बरण्या एकदम उघडतात, चार झाकणं शेजारी शेजारी पडतात, आणि मग कुठलं झाकण कुठल्या बरणीवर बसेल ते देवालाच ठाऊक. आज तर लिस्टवर दोन पटेल आहेत, दोघींचं पहिलं नावही एक. म्हणून नावाखाली वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, आणि आयपीडी नंबर. नंबर मनगटावरच्या पट्टीवरून उतरवायचा. फाइलवरून नको, कारण मागल्या रोग्याची फाइल याच ट्रॉलीवर पडलेली असते. आणि रिकाम्या बरण्यांवर सकाळीच लेबलं चिकटवून ठेवायची नाहीत. वेळ वाचतो खरा, पण तिसरी केस आधी घेतली की सगळी रांग सरकते.

दुसरी केस, दुसऱ्या पटेलबाई. डाव्या स्तनातली गाठ, सुईच्या तपासणीत कॅन्सर ठरलेला, आज गाठ आणि भोवतीचा काठ काढायचाय. इथं हळू हो. आतली गाठ काय आहे ते माहीतच आहे. प्रश्न काठांचा आहे. एखाद्या काठाला कॅन्सर टेकलाय का, आणि टेकला असेल तर कुठल्या, वरच्या की बाहेरच्या? शरीरातून सुटलेल्या गोळ्याला वर-खाली राहत नाही. म्हणून तो पुरता सुटायच्या आत सर्जन रेशमी धाग्याचे दोन टाके घालतात, आखूड वरच्या बाजूला, लांब बाहेरच्या बाजूला. ‘शॉर्ट सुपिरियर, लाँग लॅटरल’, ते पुटपुटतात. तू ते परत म्हणतेस, मोठ्यानं, आणि फॉर्मवर लिहितेस. लिहिलं नाही तर धागे नुसते धागे.

“सर, डाबी?” तू विचारतेस.

“डाबी, डाबी. सवारे मार्किंग तो कर्युं हतुं,” ते जरा वैतागून म्हणतात. वैतागू देत.

ज्युनिअर डॉक्टर ब्लेड घेऊन पुढं येतो, गाठ आतून कशी दिसते ते बघायला. त्याला थांबव. गोळ्याला बाहेरून चीर पडली की काठांचा हिशेब बिघडतो, पॅथॉलॉजिस्टला शाई लावून बघायचा असतो तो पृष्ठभागच फाटतो. तो तुझ्याकडे बघतो, सर्जनकडे बघतो, सर्जन काही बोलत नाहीत, ब्लेड खाली जातं.

आता घड्याळ. गोळा बाहेर आला ४ वाजून १२ मिनिटांनी, फॉर्मलिनमध्ये गेला ४ वाजून २० मिनिटांनी. दोन्ही वेळा फॉर्मवर. रक्तपुरवठा तुटल्यापासून पेशी आतून नासायला लागतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पुढं हार्मोनच्या आणि हर-टूच्या तपासण्या होतात, त्यांवर औषध ठरतं, म्हणून तासाच्या आत तुकडा फॉर्मलिनमध्ये जावा आणि तिथं ६ ते ७२ तास राहावा असा दंडक आहे. तासभर एसीत पडून राहिलेला तुकडा डोळ्यांना तसाच दिसतो. पण तपासणीत हार्मोनला ‘नाही’ म्हणू शकतो, आणि मग वर्षानुवर्षं रोज घ्यायची साधी गोळी त्या बाईला मिळतच नाही. तुझ्या फॉर्मवरच्या त्या आठ मिनिटांची किंमत एवढी आहे. शनिवारी संध्याकाळी ऑपरेशन ठेवणाऱ्यांनी लॅब सोमवारी किती वाजता उघडते ते एकदा मोजून बघावं.

तिसरी केस पंधरा मिनिटांची, आणि घोळ व्हायचा तो अशाच केसमध्ये होतो. कॉलेजातला पोरगा, मानेत गाठ, महिनाभराचा ताप. टीबी असेल, नाहीतर लिम्फोमा. सगळे दमलेत, चहा आलाय. सर्जन गाठ काढून तुझ्या हातात देतात आणि वळतात. भाईनं मदत म्हणून फॉर्मलिनची बरणी उघडून पुढं धरलीय. अख्खी गाठ त्यात पडली तर कॅन्सरचं उत्तर मिळेल, टीबीचे जंतू मात्र मरतील, मग कल्चरला काही उरणार नाही आणि पोराची मान पुन्हा उघडायला लागेल. तू हात मागं घेतेस. “सर, कल्चरला पाठवायचं ना?” सर्जन थबकतात. “हा, हा, अडधी सलाइनमां.” गाठीचे दोन भाग होतात. एक फॉर्मलिनमध्ये, एक निर्जंतुक डबीत सलाइनवर. दोन्हींवर तेच नाव, तोच नंबर, एकावर ‘अ’, एकावर ‘ब’, कशात ठेवलंय तेही लिहिलेलं. फॉर्मवर दोन्हींची नोंद.

रजिस्टर शेवटी भरायचं नाही, प्रत्येक केसनंतर भरायचं. तारीख, नाव, नंबर, काय काढलं, कुठल्या बाजूचं, किती डब्या, कुणी दिलं, कुणी नेलं, किती वाजता, सही. काही छोट्या ठिकाणी बरणी सरळ नातेवाईकाच्या हाती देतात, कॅरीबॅगमध्ये घालून, जा लॅबमध्ये देऊन या म्हणून. मला ते बघवत नाही. स्कूटरच्या हुकला लटकून, फॉर्मलिन गळत, बायकोचा कॅन्सर शहरभर फिरतो. आणि तो माणूस वाटेत घरी जेवायला थांबला तर त्याला कुठल्या तोंडानं बोलायचं? तुमच्याकडे लॅबचा मुलगा येतो हे नशीब. तो घाईत असतो, पेन मागतो, न वाचताच सही करायला बघतो. तू बोटानं ओळी दाखवतेस. सह्या घेतल्याशिवाय बरण्या सोडत नाहीस. तो मनात तुला काय म्हणतो ते तुला माहीत आहे.

साडेसातला पॅथॉलॉजिस्टचा फोन.

“सिस्टर, मानेच्या गाठीच्या फॉर्मवर दोन कंटेनर लिहिलेत. माझ्याकडे एकच आलाय.”

तू रजिस्टर ओढतेस. “सर, ‘अ’ फॉर्मलिनचा, तो तुमच्याकडे. ‘ब’ सलाइनचा, तो मायक्रोबायोलॉजीला गेला, ५ वाजून ४० मिनिटांनी. सही आहे.”

“कुणाची?”

तू वाचून दाखवतेस.

“ठीक. आणि त्या डाव्या स्तनाचे धागे, लाँग लॅटरल ना?”

“हो सर. फॉर्मवर लिहिलंय.”

“वाचलं. तरी विचारलं.”